मालक

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
आमची खोली. खाली अमोनिया, वर एसी,
मध्ये तीन सर्व्हर.
नावं नद्यांची: काजळी, शास्त्री, मुचकुंदी.
शिरधनकरांनी ठेवली. म्हणाले, आकडे डोक्यातून जातात,
नदी विसरत नाही माणूस.

भाड्याचा क्लाउड सोसायटीला पेलला नाही.
बिल डॉलरात, आणि साखरतरच्या पुलापाशी केबल तुटली
की सगळा हिशेब पलीकडे अडकायचा.
म्हणून हा घरचा. परसातल्या विहिरीसारखा,
गाळही आपणच उपसायचा.

आज नवी आवृत्ती चढवायची.
रीत अशी: एका वेळी एकच.
काजळी रिकामी करायची, तिचं ओझं
दुसऱ्या दोघींच्या अंगावर द्यायचं,
मग तिला ओढून वाळूवर घ्यायचं,
बुडाला तेल, फटींत कापूस.
बाबा म्हणायचे,
सगळ्या होड्या एकदम वर काढणारा उपाशी मरतो.

पहाटे चार. लिलाव लागलाय.
धक्क्यावर नौशीन होडेकर टॅबवर
सुरमईचं वजन टिपतेय.
तिची नोंदवही या क्षणी काजळीवर आहे.
मी बटण दाबते.
एकसष्ट टक्के. ब्याण्णव.
तिने चार लिहिला तेव्हा ती काजळीवर होती,
दोन लिहिला तेव्हा मुचकुंदीवर.
बेचाळीस किलो.
खिडकीतून ओरडले, "काय गो, अडकलं काय?"
"काय अडकलं?" म्हणाली,
आणि पुढच्या टोपलीकडे वळली.

या कामात शाबासकी म्हणतात ती हीच.

नवी आवृत्ती शहाणी आहे.
कुणावर किती भार ते स्वतःच बघते.
डिझेल-परताव्याच्या टेबलाला वाटा आखून देते,
जास्त मागितलं तर नाही म्हणते, तोंडावर,
जे मला चेअरमनांपुढे अजून जमलेलं नाही.
आणि आता ती शोधून काढते
बेवारस डिस्क.
ज्यांना मशीन नाही, मालक नाही,
नुसती जागा अडवून बसलेल्या.

यादी आली: अकरा.
तीस दिवसांत मालक न सापडल्यास पुसल्या जातील.
नियम मीच लिहिलाय, मार्चमध्ये, मोठ्या तोऱ्यात.

दहा ओळखीच्या निघाल्या. चाचण्या, जुने पगार,
कुणीतरी उतरवून ठेवलेला एक सिनेमा.
अकरावीचं नाव: काढू_नये.
तारीख वादळाच्या रात्रीची.
उघडली. फक्त वाचायला.

होड्यांची यादी.
बाहेर गेली, वेळ. आत आली, वेळ.
चौसष्ट ओळी.
नंतरच्या प्रती मी पाहिल्यात, त्यांत सगळं भरलेलं आहे,
दोन ओळींत वेळेऐवजी आडवी रेघ.
पण इथे पावणेतीन वाजलेत
आणि सत्तावीस रकाने रिकामे आहेत.
इथे अजून कुणी गेलेलं नाही.
एकोणिसावी ओळ आमची.

बाबा आले होते, दुपारी, दोरीने सोललेले हात घेऊन.
चहा मागितला आणि कपाला हात लावेनात.
ते सगळं या यादीच्या पुढचं.

शिरधनकर आता मस्कतला, मुलाकडे.
नंबर काढला. लावला नाही.
काय विचारणार होते?
छपराचे पत्रे उडत असताना माणूस
एवढं जपून प्रत का काढतो?

फॉर्मला दोन चौकटी.
मालक.
कारण.
पहिलीत लिहिलं: केतकी तांडेल.
दुसरी कोरी सोडली तर लाल होते, पुढे जाऊ देत नाही.
"वापरात आहे," लिहिलं.

माझ्या वाट्यातले चाळीस जीबी गेले.
काजळी पाण्यात उतरली पुन्हा,
एक पंखा कुरकुरतोय, खारं वारं बेअरिंग खातं,
तो पुढच्या आठवड्यात.
खाली बर्फाच्या लाद्या फोडायला लागलेत.

आता शास्त्री.