उष्टं

रविवारी रात्री मंगल कार्यालयातून टेम्पो आला धायरीत,
दोन पातेली मसालेभात, जिलबीचा पाक.
"अन्न वाया घालवू नये," आचारी म्हणाला,
आणि येसाबाई दहिभात्यांच्या जमनानं
एक शीतही वाया घालवलं नाही.

सोमवारी म्हैस उभी, मान खाली,
डावी कूस पखालीसारखी डुचमळणारी.
मूठ दाबली, कान लावला.
मिनिटाला एकदा तरी आत गडगडायला हवं;
गोठ्यात फक्त नळ ठिबकत होता.
नळी घालून कोठीपोटातला रस काढला:
राखाडी, दुधट, आंबलेल्या पिठाच्या वासाचा.
सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात काहीच पोहत नव्हतं.

तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं,
गाईची लाळ काय पचवते?
मी म्हणाले, पिष्ट.
(ती माणसाची. भाकरीचा घास घोळवत राहिलं
की गोड लागतो, तो तिच्यामुळे.)
परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"काही नाही पचवत, मुली. नुसती वाहते.
दिवसाला पाच-सहा हंडे.
आत जे जे आंबट होईल त्यावर
सोडा शिंपडत वाहते.
पण चघळलं तरच."
दोन गुण गेले.

भाताला काय चघळायचं?
तो घसरत गेला थेट.

त्याच लग्नात घोडाही होता, दाराशी ताटकळलेला.
पुण्यात पित्त कुणाला होत नाही?
कुणाला उन्हानं, कुणाला शेजाऱ्यानं;
घोड्याला मात्र पित्ताची पिशवीच नसते.
यकृतातून थेंब थेंब, सरळ आतड्यात,
साठवून ठेवायला जागाच नाही.
बँडवाल्यांवर त्यानं डूख धरल्याचं
मी तरी पाहिलेलं नाही.

जमनाला सोडा पाजला, वाट पाहिली.
मग भुकूमला गेले, किर्व्यांच्या घाण्यावर.
तिथला बैल कडबा खातो, गोल फिरतो,
आणि फिरणं झालं की डोळे अर्धे मिटून
सकाळच्या एकेका काडीवर
तासन्‌तास पुनर्विचार करतो.
त्याच्याकडून मागून आणलं
पाच लिटर हिरवं, कोमट, गोडसर कुबट पाणी,
चहाच्या मोठ्या थर्मासमध्ये.

स्कूटरवर दोन पायांत तो थर्मास,
चांदणी चौक, वारजे, नवले पुलाखाली कोंडी.
शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, एक कटिंग?"
आत कोट्यवधी जीव अंधारात
झालरी हलवत बसलेले,
घर बदलतंय हे ठाऊक नसलेले.
मी हॉर्न वाजवत राहिले.

"काय आहे यात?" येसाबाईंनी झाकण हुंगलं.
"बैलाच्या पोटातलं पाणी."
"म्हंजी उष्टं."
"हो."
पदरानं हात पुसत त्या जरा थांबल्या.
"तेबी उष्टंच होतं की लग्नातलं.
हे निदान नीट चावलेलं हाय."
आणि त्यांनीच जमनाचं डोकं धरलं.

रात्र झाली. मंगळवारही बराचसा गेला.
गवत पुढ्यात तसंच.
मी पोत्यावर बसून उगाच तिची माश्यांची झुंज मोजली.
मग संध्याकाळी, कुणी बघत नसताना,
गळ्याखालून वर सरकली एक गाठ,
उंदीर धोतरातून जावा तशी,
आणि जबडा आडवा फिरला.
एकदा. परत.
कानशिलाखालचा उकळ सुटला,
लाळेची लांब तार
माझ्या मनगटावर उतरली, घड्याळाच्या काचेवर.
मी ती लगेच पुसली नाही.

येसाबाईंनी थर्मास राखेनं तीनदा घासला,
दगडावर पालथा घातला,
लांबून निरखला.
"आता ह्यो बैलाचाच," म्हणाल्या,
आणि चहा टाकला पातेल्यात.