चौथ्या पिंजऱ्याची वही

तुडतुडा पकडायचा तर तोंडाने.
काचेची नळी, मागे रबर, मध्ये मलमलीचा तुकडा
आणि एक बेताचा श्वास.
जास्त ओढलात तर पाय तुटतात,
कमी ओढलात तर उडी मारून जातो.
बावीस वर्षं मी हेच करते आहे,
आचऱ्याच्या खाडीकडे पाठ करून, जाळीच्या घरात.

त्या वर्षी नवं भात आलं होतं,
नाव नव्हतं अजून, नुसता नंबर.
तुडतुडा बुंध्यात सोंड खुपसायचा
आणि रोप आतल्या आत नळीला बूच मारायचं.
काटा नाही, वास नाही.
रस बंद, एवढंच.

डॉक्टर मणेरीकरांनी पिवळट कागद दिले,
रात्रभर बुंध्याशी ठेवायला.
पोटभर प्यायलेला तुडतुडा चिकट थेंब टाकतो,
थेंब पडला तिथे कागद निळा.
जुन्या भाताखाली आभाळच उतरायचं.
नव्याखाली चार टिंबं,
जणू कुणी पत्र लिहायला बसलं
आणि मजकूर सुचला नाही.

चौथ्या पिंजऱ्यात शंभर सोडले. ब्याण्णव मेले.
उरलेले आठ शूर नव्हते.
हुशारही नव्हते, हे लिहून ठेवते,
कारण पुढे सगळेच म्हणायला लागले, किडा शिकला.
कोण शिकलं?
ते आठ जन्मतःच तसे होते,
थुंकीत काहीतरी वेगळं, बूच सैल करणारं,
पणजीखापरपणजीकडून आलेलं,
ट्रंकेच्या तळाशी पडून राहिलेल्या किल्लीसारखं
जिचं कुलूप कुणी बनवलंच नव्हतं.

कुलूप आम्ही बनवलं.

पंचवीस दिवसांची एक पिढी.
पाचवीत अकरा डाग.
नववीत छत्तीस.
तेराव्या पिढीला माझा मुलगा दहावीला बसला.
सतराव्या पिढीला मी मोजणं सोडलं,
कागद तसाच वहीत चिकटवला, निळाशार.
डॉक्टरांनी तो उजेडाशी धरला,
"छान आलाय," म्हणाले,
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

बी तोवर गावोगाव गेलं होतं.
सात पावसाळे उभं राहिलं, आणि खोटं कशाला बोलू,
देखणं उभं राहिलं.
आठव्या वर्षी, भात पोटरीत असताना,
पास्कू लुद्रिक स्कूटरवरून आला,
पायाशी गोणपाटात मुळासकट एक चूड,
वाळलेली नव्हे, उकडून काढल्यासारखी.
"कुणग्याच्या मधीच वाटोळा जळला.
कडेक हिरवागार. ह्या तुमचाच बियाणा मा?"
मी म्हटलं, हो.
"मगे?"

त्याच्या चुडीतले एकवीस मी नळीत ओढले,
आमच्या रोपावर सोडले, कागद ठेवला.
सकाळी वही काढून दोन्ही कागद शेजारी धरले.
कुठला पिंजऱ्याचा, कुठला पास्कूच्या कुणग्यातला,
मलाच सांगता येईना.
आणि पिंजऱ्यातला एकही बाहेर गेला नव्हता.
दुहेरी जाळी, दाराला मी स्वतः.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता म्हणतात, दोन कुलपं एकदम घालायची.
आणि बाजूच्या एका कुणग्यात जुना मुणगा लावायचा,
त्यांना खाऊ द्यायचा,
म्हणजे किल्ली नसलेलेही जगतील,
किल्लीवाल्यांशी सोयरीक करतील,
किल्ली सगळ्यांच्या हाती जायला वेळ लागेल.
पास्कू हसला.
"किड्याक वाटो? देवचाराक काढतत तसो?"
हसत हसत गेला, पण लावला त्याने,
खाडीकडच्या बांधालगत, साडेतीन गुंठे.

काल नव्या पिंजऱ्यात शंभर सोडले.
आज पाण्यावर अठ्ठ्याण्णव, पंख पसरून.
मी नळी ओठात धरून वाकले.
एक मिळाला, पालथा, जिवंत.
दुसरा दिसला,
पण मी डावीकडे झाले की तो बुंध्याआड उजवीकडे,
मी उजवीकडे, तो डावीकडे.
श्वास तसाच धरून
मी रोपाभोवती फिरते आहे.