फुटलेलं पोतं

निकालाच्या दिवशी फेब्रुवारीतच ऊन अडतीसवर होतं
आणि माझ्या दुकानात गुलालाची अठरा पोती.
बारा अण्णांची. सहा पद्माक्कांची.
अण्णांच्या पोत्यांना पोरांनी आदल्या रात्रीच हार घातलेले.

दोनच्या सुमारास मौला सायकलवरून आला,
एक पाय पायरीला टेकवून म्हणाला,
"शेठ, अण्णा पडले. एकोणचाळीस मतांनी."
मी म्हणालो, "परत मोजायला लाव म्हणावं."
तो म्हणाला, "दोनदा मोजली की ओ."

मागच्या बोळातले माग एकेक करून थांबले.
इतकी शांतता त्या बोळात
मी फक्त वीज गेल्यावर ऐकली होती.
मग पूर्वेकडून आरोळी उठली, आणि हलग्या.

पद्माक्का म्हणजे कोंडांची थोरली सून.
प्रचारात भाषण नाही, जीप नाही,
ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर बसायची
मांडीवर सूप घेऊन,
बोलता बोलता विड्या वळायची,
म्हणजे हजाराचा हिशेब चुकायला नको.
आम्ही हसलो होतो. मी सगळ्यात जास्त.

संध्याकाळी लक्ष्मीपती गुंडेटी आला, भुवयांपर्यंत गुलाबी.
बाकड्यावर बसून म्हणाला,
"लोकांचा कौल आहे. मान खाली घालून घ्यावा माणसानं."
पाच वर्षांपूर्वी त्याच बाकड्यावर
हाच मला बोटानं दाखवत होता
बटण इथं दाबलं की मत तिथं कसं जातं ते.

तो उठला, चन्नू बिराजदार बसला.
"मशीनमध्ये घोळ आहे बे," म्हणाला,
"बटण इथं दाबलं की मत तिथं जातंय."
तेच वाक्य. दम घ्यायची जागासुद्धा तीच.
लक्ष्मीपतीनं आपला जुना सदरा
धुऊन, इस्त्री करून त्याला दिला असावा
आणि तो त्याला काखेत जरासुद्धा काचत नव्हता.

रात्री नऊपर्यंत दुकानात हेच.
अण्णांनी चादरी वाटल्या ती मदत,
यांनी पातेली वाटली तो बाजार.
त्यांचा पुतण्या इकडं आला तेव्हा त्याचे डोळे उघडले होते,
आमचा भाचा तिकडं गेला तेव्हा खिसा.
टँकर कुणाचा, त्यावरून पाणी गढूळ की गोड.
मी सुपारी कातरत होतो. गालात हसत होतो.
व्यापाऱ्याला पक्ष नसतो, असं माझे वडील म्हणायचे,
त्याला तराजू असतो.

दहाला अण्णांची पोरं हातगाडी घेऊन आली.
अकरा पोती शिवलेली, हारांसकट.
बारावं फुटलेलं,
निकालाआधीच कुणीतरी हौसेनं दाभण चालवलेली.
पोरांची तोंडं बघवेनात.
मी म्हणालो, "ठेवा रे. सगळी ठेवा. अण्णांना सांगा, पैसे नकोत."

हातगाडी गेली. मौला पोतं शिवायला बसला.
दोन टाके घातले, मग वर न बघता म्हणाला,
"मागल्या खेपेला गुंडेटी असंच एक घेऊन आलते."
मी गल्ला मोजत राहिलो.
"तुम्ही घेतलं नाही. आणि ती पाटी लावली."

पाटी होतीच. 'फुटलेला माल परत घेतला जाणार नाही.'
मीच रंगवलेली, 'घेतला'चा काना जरा तिरका.
"तेव्हा पावसाळा होता," मी म्हणालो. "माल ओल धरतो."
"फेब्रुवारी होता की ओ, शेठ."
आणि दाभण सुरू.

तो जेवायला गेल्यावर मी जुनी वही काढली.
गुंडेटीचं पान सापडलं.
एक पोतं जमा, असं लिहिलं.
खोडलं.
परत लिहिलं, पेन्सिलीनं.

मग स्टुलावर चढून पाटी पुसू लागलो.
हातात आलं ते गुलालाचंच फडकं.
पाटी गुलाबी झाली,
अक्षरं होती तशीच, उलट जरा उठून दिसायला लागली.
खिळा भिंतीत गंजलेला. हलवला, हलेना.
मी स्टुलावरच उभा होतो
तेव्हा बोळातला पहिला माग परत सुरू झाला,
आणि रस्त्यावरून चन्नू ओरडला,
"शेठ, काय करलालाव एवढ्या रात्री वर चढून?"