चुन्याखाली

तो बोर्ड मीच रंगवलाय, नाकारत नाही.
लक्ष्मीपुरीत, मंडईच्या दगडी खांबाला लागून:
‘तीन पिढ्यांचा रहिवास दाखवल्याशिवाय
येथे माल मांडू नये.’
खाली कायद्याचं नाव, कलम, साल.
फुटाला चाळीस रुपये. ‘रहिवास’ला निळी सावली दिली,
ती माझ्याकडनं.

रत्नाक्का जाधव कोर्टात गेली.
शिंदीच्या फोकांच्या टोपल्या विणते, कणग्या विणते.
आई कुठं जन्मली ते आईलाच ठाऊक नव्हतं.
वकिलानं पत्ता विचारला तर म्हणाली,
लिवा, पालाम्होरं बाभळ हाय.

चार वर्षांनी निकाल लागला.
कायदाच घटनाबाह्य, मुळापासून रद्द,
जणू तो कधी नव्हताच.
मग चार वर्षं तिच्या टोपल्या
गाडीत कोण फेकत होतं?

निकालाची नक्कल दुधाच्या पिशवीत घालून
ती बोर्डाखाली येऊन बसली.
इन्स्पेक्टर म्हणाला, आमच्याकडं कागद आलेला नाही.
पुढच्या आठवड्यातही आला नव्हता.
कोर्ट तिथंच, सीपीआरच्या समोर.
मंडईपासून दोन बिड्यांची वाट.

मग मोर्चा निघाला. शटरं खाली.
बिंदू चौकात एकजण माइकवर ओरडला,
‘मंडईतलं कोर्टाला काय कळतंय?’
टाळ्या पडल्या.
माझा भाचाही होता त्यांत, शिट्टी मारत.

शेवटी मला निरोप: चुना मार.
दोन हात मारले.
ऑइलपेंटावर चुना धरत नाही,
त्यांना माहीत होतं. मलाही.
दुपारच्या उन्हात पोपडे सुटले
आणि ‘तीन पिढ्यांचा’ परत वर आला,
फिकट, पण वाचता येईल इतका.
थांबून वाचत होते लोक. काहीजण खूश.

परवा कुणी ॲडव्हान्स ठेवून गेलं.
येत्या अधिवेशनात नवा मसुदा येतोय म्हणे.
‘रहिवास’ नको, ‘परंपरा’ लिही.
मोजून बघितलं. अक्षरं चारच.
जुन्या मापात बसतं.

नोटा टर्पेंटाइनच्या डब्याखाली आहेत अजून.
हात लावला नाही, परतही केल्या नाहीत.

काल पत्री घेऊन शिडीवर चढलो.
पहिल्यांदा खरवडायला घेतलं
ते कोपऱ्यातलं ‘बाबालाल आर्ट्स’.
रत्नाक्का खालनं बघत होती,
मांडीवर फोक, दातात सुरी.
सुरी काढून म्हणाली,
‘नाव ऱ्हाऊ दे की तुजं.
बाकीचं काढ.’