शाळेच्या मागे

सातवी ब. खिचडीनंतरचा तास.
तुरी निघाल्यात, रान मोकळं,
मुखेडकडून येणारा धुरळा खिडकीतून थेट वहीवर.
मी फळ्यावर लिहिलं, आपल्या गावाचा नकाशा,
आणि खाली, सवयीनं,
उत्तर दिशा वर घ्यावी.

नागनाथ मुंडकरनं बँकेपासून सुरुवात केली.
बँक तळहाताएवढी, शाळा चिंचोक्याएवढी.
त्याचा बाप तिथं शिपाई आहे.
निखतनं आधी विहीर काढली, मग विहिरीची वाट,
वाटेवरची तीन कुत्री, त्यातल्या एकाचे दात.
माणसं कुठंयत गं?
"मी जाते तवा कुणी उठलेलं नसतंय, मॅडम."
सुमेधनं नुसते उतार काढले,
सायकल कुठं आपोआप जाते
आणि कुठं ढकलावी लागते.
मी त्याला विचारलं, घरं?
तो म्हणाला, राहिलीच की.

लाल पेन घेऊन फिरत फिरत
गंगासागर राठोडपाशी आले.
खाली तांडा, त्याच्या वर शाळा,
आणि सगळं गाव पार कागदाच्या टोकाला, दाटीवाटीनं.
उलटा काढलास बाळा,
तांडा शाळेच्या मागे आहे ना तुमचा.

तिनं मान वर केली.
"मागं म्हंजे कुठून मागं?"

वर्ग हसला. ती नाही हसली.
उद्धट असती तर बरं झालं असतं,
मला रागावता आलं असतं.
"आमच्या दारातून शाळा समोरच हाय, मॅडम.
झेंड्याचा खांब दिसतोय, तुमची खिडकी दिसतीय.
गावच शाळेच्या मागं दडलंय."

"गेट जिकडं ती पुढची बाजू," नागनाथ.
"मग आमच्याकडं गेट करा," ती.
"रस्ता कुठाय तिकडं?"
"रस्ता केलाव का कुणी?"
पुढं भांडण वाढलं. मी डस्टर आपटलं नाही.
हजेरीच्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात
अकरा वर्षांच्या अकरा याद्या आहेत:
राहणार, शाळेच्या मागे.
राहणार, शाळेच्या मागे.

मग सगळ्यांना उठवलं
आणि भिंतीच्या खिंडारातून निघालो,
जिथून तांड्याची पोरं रोज येतात
आणि मी रोज ओरडते, गेटनं या म्हणून.
पऱ्हाटीच्या कुंपणात माझा पदर अडकला.
तो काढायला निखतला थांबावं लागलं.

तिकडून शाळा बघितली.
गिलावा सुटलेला, पाइपाखाली हिरवा ओघळ,
कुठल्याशा जुन्या मोहिमेचं अर्धं घोषवाक्य:
एकही मूल
पुढचं पावसानं नेलेलं.
माझी खिडकी. तिच्यात माझी खुर्ची,
खुर्चीची पाठ आमच्याकडं.

बाजेवर एक माणूस केरसुणी बांधत होता.
उठला नाही, घाबरला नाही.
"या मॅडम. तुम्ही डावखुऱ्या ना?"
तुम्हाला कसं ठाऊक?
"लिहिता की फळ्यावर. दिसतंय हितनं.
मागल्या साली हात दुखत होता का?
उजव्यानं लिहीत होता दोन म्हैने."

माझ्या प्लॅस्टरची आठवण
माझ्या घरीसुद्धा कुणाला राहिली नव्हती.
त्याचं नाव मी विचारलं नाही तेव्हा.
हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

परत येताना नागनाथ म्हणाला,
"तरी पण मॅडम, मागचं ते मागचंच."
म्हणू दे. दोन पावलं चालल्यावर
त्यानंच मागं वळून बघितलं,
की पुढं, मला सांगता येणार नाही.

सोमवारी हेडसरांनी
गंगासागरचा नकाशा वर्गात लावला.
कौतुकानं लावला, चार खिळे मारून,
आणि लावताना सरळ केला.
उत्तर वर, तांडा वर,
अक्षरं सगळी खाली डोकं वर पाय.

खिळे पक्के आहेत, निघत नाहीत.
आता निम्मी सातवी ब
मान वाकडी करून गाव वाचते.
मीही.