घटक नववा

टाउन हॉलच्या तळघरात, रेडिएटर खडखडणाऱ्या खोलीत
आम्ही पाच जण बसायचो, मंगळवारी आणि गुरुवारी,
कामांना गुण द्यायला.
माणसांना नाही, कामांना,
हे एडिनबराहून आलेल्या बाईंनी
पहिल्याच दिवशी तीनदा बजावलं होतं.
तेरा घटक. प्रत्येकाला पायऱ्या.
ज्ञान किती, जबाबदारी किती, घाण किती, वारा किती.
मापात पाप नको म्हणून मापच छापून आणलेलं.

धोरण देखणं होतं. गुळगुळीत कागद,
मुखपृष्ठावर हसणारी माणसं, आमच्या गावातलं एकही नाही.
समान मोलाच्या कामाला समान दाम.
वाक्य इतकं सरळ, की वाटावं
उद्या सकाळी दुधाच्या बाटल्यांबरोबर दारात येईल.

गुरुवारी इशबेल रेनी आली.
घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवणं, पुसणं, भरवणं. एकवीस वर्षं.
कोट काढला नाही. सव्वाअकराला पुढचं घर होतं.
प्रश्न वाचायचं काम माझं. मी वाचलं,
"किती वजन उचलता?"
"कुणाचं?" ती म्हणाली.

मी तेच लिहिलं रकान्यात. कुणाचं.
बाईंनी खोडरबर पुढे सरकवलं.

मग सांगितलं तिने. मिसेस गेडिस, पंचेचाळीस किलो.
भिजलेली असली तर जास्त.
लाजलेली असली तर
कितीतरी जास्त.
आणि बोटीवरून न आलेल्या नवऱ्याला हाका मारत असली
तर उचलताच येत नाही, शेजारी बसावं लागतं,
पंधरा मिनिटांतली नऊ.

घटक नववा, भावनिक ताण.
क्वचित, अधूनमधून, नेहमी. एकावरच खूण करा.
युनियनच्या माणसाने विचारलं,
तुमच्यादेखत किती गेले?
ती बोटांवर मोजू लागली,
बोटं संपली,
तिने हात परत खिशात घातले.

दुपारी मॅग्नस टुलक. कबरी खणणारा.
त्याला पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा बोनस, चौऱ्याहत्तर सालापासून.
कशाचा, हे शोधताना फायलीत फक्त एक चहाचा डाग सापडला.
"जमीन गोठली की कुदळ उलटी उडते, ते लिहा," तो म्हणाला.
आम्ही लिहिलं.
टोपी गुडघ्यावर फिरवत बसला जरा वेळ.
"माझ्याकडे येतात तेव्हा पेटीत असतात.
केस विंचरलेले, नखं कापलेली. सहा जण उचलून आणतात.
मला वाटायचं, ते तसेच असतात."

हे कुठल्या घटकात घालावं, कुणालाच सुचलं नाही.

तिचे गुण चारशे चौदा. त्याचे चारशे सहा.
पाचही सह्या त्याच संध्याकाळी झाल्या.
आणि मग नऊ वर्षं
त्या आठ गुणांवर वकिलांची घरं चालली.
आधी तरतूद नव्हती, मग समिती नव्हती,
मग समिती होती आणि कोरम नव्हता.
त्याचा बोनस मात्र लगेच काढला. समानतेसाठी.
तो तंबाखूच्या दुकानात मला ओळख देईनासा झाला;
माझी सही निळ्या शाईत होती, लांबूनही वाचता यायची.

शेवटी पैसे दिले. त्याच वर्षी पोहण्याचा तलाव बंद केला
आणि गावच्या पेपरात दोन्ही बातम्या
एकाच चौकटीत छापल्या.
बेकरीच्या रांगेत कुणीतरी इशबेलला म्हणालं,
आमच्या पोरांचं पाणी तुम्ही पिऊन टाकलंत.
ती म्हणे काही बोलली नाही. पाव घेतला, सुटे मोजले.

थकबाकीची पत्रं एकशे बारा घरी गेली.
सतरा परत आली. पत्त्यावर कुणी नव्हतं.
ती यादीही मीच टाइप केली, आडनावांच्या क्रमाने,
आणि टुलकच्या वहीशी ताडून पाहिली.
पंधरा त्याच्याकडे होत्या. वेळेत खणलेल्या.

गेल्या हिवाळ्यात इशबेल धक्क्यावर भेटली,
गुडघे गेलेले, कोट बहुधा तोच.
पैशांचं काय केलंस, मी विचारलं.
"खिडक्या," ती म्हणाली. "उत्तरेच्या दोन्ही."
आणि जरा थांबून,
"आता वारा ऐकू येत नाही.
रात्री उठून बघते,
आहे की नाही."