तांबी

कालामाच्या दवाखान्यात
दंडावरचा पट्टा फुगत जातो
आणि सुईणबाई हिमेना विचारतात, वय?
अडतीस.
सिगारेट?
खोटं बोलणार होते. पण बोटं पिवळी.

"मग गोळी बंद. पस्तिशीनंतर
धूर आणि गोळी एका घरात नांदत नाहीत."
सतरा वर्षं घेतली मी ती,
रात्रपाळीला निघताना, चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर.
दोनदा विसरले. त्यातली एक आता पंधराची आहे
आणि माझे बूट घालते.
दुसरीबद्दल घरात कुणी बोलत नाही.

बाईंनी टेबलावर काढून ठेवली
काडीएवढी, अंगाला तार गुंडाळलेली.
तांब्याची, म्हणाल्या.
मला हसू आवरेना.
अहो, मी तीनशे टनांचा ट्रक चालवते,
याच्यासाठीच तर रोज डोंगराचं पोट उपसते,
रुमालात नाक शिंकरलं तर हिरवट निघतं.
आणि माझ्या वाट्याला एवढंसं?

ओस्वाल्दो म्हणतो, अजून एक होऊ दे,
घर भरल्यासारखं वाटेल.
सात दिवस तो खाणीवर, सात दिवस मी,
पलंगाची एकच बाजू खचलेली.
आज इथे आलेय हे त्याला माहीत नाही.

किती टिकते?
दहा वर्षं.
म्हणजे अठ्ठेचाळीस. तोवर खाण
आणखी दोन पायऱ्या खाली गेलेली,
पोरगी कुठेतरी समुद्राकाठी,
आणि पुढचं दार माझं अंग
आपणच लावून घेईल.

"थोडं दुखेल," बाई म्हणाल्या, "खोका."
ते मला येतं.